दोन खोल्यांत फ्लूचा पेशंट, शुगरच्या सासूबाईंना कसं जपायचं? (मदत हवी आहे)

लेकुरवाळी: सोलापूर, दोन खोल्यांचं घर. नवऱ्याला कालपासून 102 ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. डॉक्टर फ्लू म्हणाले. सासूबाई 68 वर्षांच्या, त्यांना शुगर आणि बीपी दोन्ही. मुलगा 6 वर्षांचा. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, सगळं बॅरलमध्ये साठवलेलं. सारखे हात धुणार कसे? आणि तापाची पॅरासिटामॉल 650 अन् सर्दीची गोळी एकदम दिली तर चालते का?

औषधपेढी: ताई, आधी गोळ्यांचं. एकदम देऊ नका. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. दोन्हींतून डोस वाढला की लिव्हरला इजा होते. 650 ची एक गोळी, मध्ये सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. लिव्हरचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

मुलाला ताप आला तर मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका. पॅरासिटामॉल एका वेळी वजनाच्या किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे 18 किलोला 270. सिरपच्या 5 मिलीत 120 आहे की 250, हे बघितल्याशिवाय चमचा भरू नका, चूक तिथेच होते. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही. अँटिबायोटिक मागून घेऊ नका, विषाणूवर ते चालत नाही.

सिस्टर_सोलापूर: पाण्याचं सांगते. फ्लू पाण्यातून पसरत नाही, पण खोकून आलेला हात मगाच्या मुठीला लागतो आणि तीच मूठ सगळे धरतात. मोरीजवळ तोटीचा छोटा कॅन ठेवा. हात ओले करून तोटी बंद, 20 सेकंद साबण, मग धुवा. अर्ध्या लिटरपेक्षा कमी पाण्यात भागतं. कडी, स्विच, मोबाईल, रिमोट दिवसातून दोनदा पुसा. तिथे विषाणू एक-दोन दिवस टिकतो. जाड सोलापुरी चादर मात्र रोज धुण्यात पाणी घालवू नका. न झटकता उन्हात टाका, टॉवेल आणि उशीचा अभ्रा तेवढा धुवा.

नवऱ्याला खिडकीच्या खोलीत झोपवा, सासूबाई दुसऱ्या खोलीत. टेबलफॅनचं तोंड खिडकीबाहेर करा. दाराकडे केलं तर तीच हवा सासूबाईंकडे येते. थंडी म्हणून खिडकी बंद करू नका, पांघरूण वाढवा. खोलीबाहेर येताना मास्क नवऱ्यानेच लावायचा. लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस लागण होते, त्यामुळे ताप उतरला म्हणून लगेच एका ताटात बसू नका. कामावर जाणं गोळीशिवाय 24 तास ताप नसेल तेव्हाच.

लेकुरवाळी: वाफारा देऊ का? सासूबाईंना आत्ताच काही औषध सुरू करावं का?

सिस्टर_सोलापूर: वाफेने नाक मोकळं वाटतं, विषाणू मरत नाही. मुलाला पातेल्यावर वाकवू नका, भाजतं. ज्वारीची पातळ आंबील, वरणाचं पाणी, साधं पाणी थोडं थोडं देत राहा. लघवी गडद झाली तर पाणी कमी पडतंय.

सासूबाईंसाठी आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. घरात पेशंट आहे हे सांगा, प्रतिबंधक औषध द्यायचं का ते तेच ठरवतील. त्यांना कणकण आली तर "दोन दिवस बघू" नको. ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, आणि किडनी बघून डोस बदलतो. तापात शुगर चढते, रोज तपासा. इन्सुलिन असेल तर मनाने बंद करू नका.

औषधपेढी: नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनी बीपी वाढतं, सासूबाईंना ती विचारल्याशिवाय नको. धाप, छातीत दुखणं, बरळणं, ऑक्सिजन 94 खाली, किंवा उतरलेला ताप परत चढणं, यातलं कुणालाही काही दिसलं तर रात्र असली तरी सिव्हिलला न्या. मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात असतील तरीही.