बाबांच्या खोकल्यासाठी काढा सुचवा (बीपी आहे, बजेट ३०० रुपये)

मृण्मयी_ठाणे: बाबा ७१ वर्षांचे. व्हायरल ताप उतरला, पण कोरडा खोकला रात्री झोपू देत नाही. डॉक्टरांनी छाती साफ आहे म्हणून सांगितलं, काढ्यालाही हरकत नाही म्हणाले. बीपीची गोळी चालू, शुगर थोडी वाढलेली. काढा घरी करू की तयार आणू? ३०० च्या आत सुचवा.

देवगडकर: तयार कशाला? अडुळशाची पानं तव्यावर मऊ करा, गरम असतानाच फडक्यात घालून पिळा. चमचाभर हिरवागार रस निघतो, तो मधातून द्या. डॉक्टर लिहून देतात ते कफ पातळ करायचं औषध, ब्रोमहेक्झिन, या अडुळशातल्या व्हॅसिसिन नावाच्या द्रव्यावरूनच आलंय.

अन्नपूर्णा७: ठाण्यात फ्लॅटमध्ये ती अडुळसा कुठून आणणार? शिवाय मध शुगरवाल्यांना बेतानंच. आयुष काढा कर गं. २०२० मध्ये मंत्रालयानं प्रमाण दिलं होतं: तुळस ४ भाग, सुंठ २, दालचिनी २, मिरी १. भरड कुटून ३ ग्रॅम, १५० मिली उकळत्या पाण्यात. कोविडात लोकांनी मूठमूठ मिरी उकळून पोटात आग करून घेतली. मी वर ज्येष्ठमधही घालते, घसा लगेच सुटतो.

स्पष्टवक्ता: ज्येष्ठमध अजिबात नको! बीपी आहे असं लिहिलंय ना तिनं? त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. माझे सासरे दिवसभर कांडी चघळायचे, पायांना सूज आली तेव्हा डॉक्टरांनी पहिली तीच बंद केली. आणि रात्री हळद-दूधही देऊ नका, कफ वाढतो असं म्हणतात.

अन्नपूर्णा७: दुधाचं पटलं. ज्येष्ठमध मी बीपीवाल्यांना सांगितलंच नव्हतं, माझं सांगत होते.

कोथरूडचे_काका: मी ९०० रुपयांचं वाफेचं मशीन घेतलंय. एक नंबर! काढेबिढे सगळे बंद.

देवगडकर: काका, बजेट ३०० आहे. वाफेनं नाक मोकळं होतं, विषाणू मरत नाही. म्हाताऱ्या माणसाजवळ उकळतं पाणी ठेवायचं तर सांभाळून.

रानवाटा: गुळवेल! कडुनिंबावर चढलेलीच घ्या.

स्पष्टवक्ता: रोज गुळवेल घेऊन यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत. चुकीची वेल घेतली असेल, असं आयुषचं म्हणणं. बाजारात वाळकी कांडी बघून कोणती ते कोण ओळखणार? सितोपलादी चूर्ण आणा, ३०० च्या आत बसतं.

रानवाटा: वा! सितोपलादीत ३१ पैकी १६ भाग खडीसाखर असते. शुगरवाल्यांना?

देवगडकर: म्हणून म्हणतो, अडुळसा.

सिस्टर_मावशी: वाद नंतर घाला. काढ्यानं घशाला आराम पडतो, आजार त्याच्या चालीनंच जातो. ताप परत चढला, धाप लागली, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला किंवा बोलताना गोंधळ वाटला तर घरात थांबू नका. बीपीची गोळी काढ्यासाठी चुकवू नका. घरात तान्हं बाळ असेल तर वर्षाच्या आत त्याला मध चाटवू नका.

मृण्मयी_ठाणे: सगळ्यांचे आभार. मावशी, ऑक्सिमीटर घरात आहे, सकाळ-संध्याकाळ बघतेय. काढा नाहीच करत. बाबांना मिरीनं जळजळ होते आणि दुधाचा कफ कधीच झाला नाही. म्हणून रात्री बिनसाखरेचं हळद-दूध, कपाला अर्धा चमचा हळद, आणि दिवसा मिठाच्या गुळण्या.

स्पष्टवक्ता: दूध नको सांगितलं होतं.

कोथरूडचे_काका: मशीनची लिंक हवी असेल तर सांगा.