कोमोडो ड्रॅगन: सरडा, पाल की घोरपड?

पाठलेखिका:
सहावीच्या मुलांसाठी कोमोडो ड्रॅगनवर लहानसा पाठ लिहिते आहे. 'महाकाय सरडा' लिहावं की 'राक्षसी पाल'? आणि 'ड्रॅगन' तसंच ठेवलं तर मुलं आग ओकणारा प्राणी डोळ्यांसमोर आणतील, अशी भीती वाटते. नेमका शब्द सुचवाल का?

रानवाचक:
ताई, 'घोरपड' लिहा. हा प्राणी खरोखरच घोरपडीच्या कुळातला आहे. शास्त्रीय नाव 'वरानस कोमोडोएन्सिस', आणि आपल्या ओळखीची घोरपडसुद्धा 'वरानस'च. लांब मान, दणकट शेपूट, सापासारखी दुभंगलेली जीभ ही सगळी ठेवण या एका शब्दात येते. 'सरडा' म्हटलं की मुलांना रंग बदलणारा, कुंपणावर मान हलवणारा प्राणी आठवतो आणि 'पाल' म्हटलं की भिंत. ३ मीटरपर्यंत वाढणारं आणि ७० किलोच्या आसपास भरणारं धूड त्यात मावत नाही. पहिल्या वाक्यात 'कोमोडो ड्रॅगन म्हणजे जगातली सर्वांत मोठी घोरपड' असं लिहा आणि पुढे नुसतं 'कोमोडो घोरपड' म्हणा. इंडोनेशियात ती राहते त्या बेटांवरचे लोक तिला 'ओरा' म्हणतात. मुलांना हा शब्द नक्की आवडेल, तोही द्या.

शब्दवेडा:
घोरपडीला माझी हरकत नाही, पण एक अडचण आहे. मराठीत घोरपड म्हटली की 'घट्ट चिकटून बसणारी' हेच पहिल्यांदा मनात येतं. पूर्ण वाढलेली कोमोडो घोरपड झाडावर चढते का?

रानवाचक:
फार छान प्रश्न, आणि पाठातला सगळ्यात रंगतदार भाग इथेच आहे. मोठीला स्वतःचंच वजन पेलत नाही, म्हणून ती जमिनीवर राहते. पिल्लं मात्र अंड्यातून बाहेर पडली की झाडं गाठतात आणि सुरुवातीची काही वर्षं तिथेच काढतात. किडे, लहान पाली, पक्ष्यांची अंडी हा त्यांचा आहार. झाडावर राहायचं कारण म्हणजे मोठ्या घोरपडी आपल्याच जातीच्या पिल्लांना खातात! म्हणजे 'चिकटून बसणारी' हा अर्थ पिल्लांना अगदी चपखल लागू पडतो.

पाठलेखिका:
हे पाठात घेतेच. आता शिकारीचं सांगा. माझ्या मसुद्यात 'ती भक्ष्याचा पाठलाग करते आणि दंश करते' असं वाक्य आहे.

रानवाचक:
दोन्ही क्रियापदं बदलावीत. ताशी २० किलोमीटरच्या आसपास ती धावू शकते, पण थोडंच अंतर. हरणाच्या मागे लांबवर धावणं तिच्या आवाक्यातलं नाही. जनावरांच्या वाटेशेजारी गवतात ती निश्चल पडून राहते आणि हरीण किंवा रानडुक्कर जवळ आलं की झेप घेते. याला मराठीत 'दबा धरणे' हा नेमका शब्द आहे.

'दंश' साप करतो. त्याचे सुळे विष टोचतात. कोमोडोचे दात मागे वळलेले आणि करवतीसारख्या धारेचे असतात. ती चावा घेते आणि मान मागे खेचते, त्यामुळे मांस फाटतं. म्हणून 'लचका तोडते' लिहा. तिच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे दाखवलं. ते विष दातांच्या मधून जखमेत झिरपतं, रक्त गोठू देत नाही आणि रक्तदाब उतरवतं. जखमी जनावर लवकरच गळून जातं. 'तिच्या लाळेतल्या घाणेरड्या जंतूंनी शिकार मरते' हे वाक्य अजूनही पुष्कळ ठिकाणी छापलेलं दिसतं. कृपया ते मुलांपर्यंत जाऊ देऊ नका.

शब्दवेडा:
आणि 'हुंगते' चालेल का? नाकाने हुंगणं आणि जिभेने वास घेणं यात फरक आहे ना?

रानवाचक:
आहे. ती जीभ बाहेर काढून हवेतले गंधकण गोळा करते आणि टाळूतल्या एका खास अवयवाकडे पोचवते. जिभेच्या ज्या टोकावर गंध जास्त, त्या दिशेला वळायचं. वारा अनुकूल असेल तर काही किलोमीटरांवरच्या मेलेल्या जनावराचाही तिला माग लागतो. म्हणून 'जिभेने वास घेते' असं सरळ लिहा. मेलेलं जनावरही ती खाते, तेव्हा 'फक्त शिकारीवर जगते' असं म्हणू नका. आणि 'चावून खाते' नको. ती मोठमोठे तुकडे न चावता गिळते. एका वेळी स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत खाऊ शकते, त्यानंतर बरेच दिवस पोट रिकामं राहिलं तरी चालतं.

पाठलेखिका:
शेवटचं. घोरपड स्त्रीलिंगी, मग नराबद्दल लिहायचं कसं?

शब्दवेडा:
'नर घोरपड' लिहा आणि क्रियापद स्त्रीलिंगीच ठेवा: 'नर घोरपड मागच्या पायांवर उभी राहून दुसऱ्या नराशी झुंजते.' मराठीत कोकीळ-कोकिळा अशा जोड्या आहेत, पण घोरपडीला अशी जोडी नाही.

रानवाचक:
सहमत. शेवटी एक ओळ संवर्धनाची द्या: कोमोडो राष्ट्रीय उद्यान १९८० मध्ये झालं, २०२१ पासून ही जात धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. तिथे 'दुर्मीळ' नको, 'संकटग्रस्त' लिहा.