शनिवार नको, रविवारी निघा

आजी आणि दोन मुलांना घेऊन 26 जानेवारीच्या जोडसुट्टीत शनिवारी खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं म्हणताय, पण शनिवार टाळाच. लोणावळ्याला निघालेली अख्खी मुंबई त्या सकाळी एक्स्प्रेसवेवर असते. बोरघाटात गाड्या अडल्या की रांग मागे खालापूरपर्यंत येते, आणि तुम्हाला तिथेच उतरायचंय. रविवारी पहाटे निघा, पार्कात गर्दी असेल पण रस्ता सुटसुटीत मिळेल. सोमवारी संध्याकाळी परतणाऱ्यांची झुंबड असते. गाडी नकोच असेल तर मध्य रेल्वेची खोपोली लोकल आहे, पुढे रिक्षा.

तिकिटं ऑनलाइन काढा. धाकट्याची उंची घरीच मोजा. मोठ्या राइडना उंचीची अट असते, आणि तासभर रांगेत उभं राहून परत फिरवलेलं मूल बघवत नाही हो.