डीईएफची कटकट: दुरुस्ती करायची की ‘डिलीट’ मारून मोकळं व्हायचं?

घोडबंदरकर: २०२० ची बीएस६ डिझेल एसयूव्ही, सेकंडहँड घेतलेली. परवा मीटरवर आलं, ८०० किमीनंतर इंजिन चालू होणार नाही. डीईएफची (एक्झॉस्टचा धूर साफ करणाऱ्या द्रवाची) टाकी काठोकाठ भरलेली! सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट लाखाच्या वर: नॉक्स (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड) मोजणारा सेन्सर, पंप, अख्खी टाकी. माजिवड्याचा एक मेकॅनिक म्हणतो, लॅपटॉप लावून सिस्टीमच बंद करतो. मला तर पटतंय.

पामबीच_पंटर: बिनधास्त कर. माझी दीड वर्ष तशीच पळतेय. पीयूसीला डिझेलचा धूर मोजतात, नॉक्स कोण बघतो? गायमुखला ट्रक काळा धूर ओकतात आणि शहाणपणा आपणच करायचा?

स्पॅनर_तुर्भे: नॉक्स दिसत नाही, म्हणून तर डीईएफ लागतं. ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. गरम एक्झॉस्टमध्ये त्याचा अमोनिया होतो आणि तो कॅटॅलिस्टमध्ये नॉक्सचं नायट्रोजन आणि पाणी करतो. शिवाय कंपनीच्या गाडीत असे बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. दादा, रोजचं रनिंग किती? आणि ओतता काय?

घोडबंदरकर: कासारवडवली ते ठाणे स्टेशन. डीईएफ नाक्यावरचं, सुट्टं.

स्पॅनर_तुर्भे: घ्या! एवढ्याशा रनिंगमध्ये, त्यात ट्रॅफिक, एक्झॉस्ट धड तापतच नाही, युरिया साचतो. मागच्या महिन्यात डीईएफ फवारणारा एक इंजेक्टर उघडला, तोंडावर मिठागरासारखा पांढरा थर. कोमट पाणी आणि जुना टूथब्रश, निघाला. आणि सुट्टा माल बऱ्याचदा शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात ढवळलेला असतो. शेतीचा युरिया २०१५ पासून नीमकोटेड येतो. म्हणजे कॅटॅलिस्टला कडुलिंबाचं तेल पाजताय!

पामबीच_पंटर: टूथब्रशने सेन्सर जिवंत होतो का? आज सेन्सर, उद्या पंप, परवा टाकीतला हीटर. डीईएफ उणे ११ अंशांना गोठतं म्हणून हीटर. नेरुळला बर्फ कधी पडला? तरी तो मेला की लाइट लागतेच.

स्पॅनर_तुर्भे: हीटरवरून मीही कंपन्यांना शिव्या घालतो. पण म्हणून सगळंच उपटायचं?

कोपरीची_आई: आमचा पहिला मजला, रस्त्याला लागून. उशाशी लेकाचा दम्याचा पंप असतो. पंटरभाऊ, हौसेची गाडी तुमची, धूर आमच्या खिडकीत.

पामबीच_पंटर: ताई, आधी ते ट्रक थांबवा.

घोडबंदरकर: स्पॅनरभाऊ, शनिवारी तुर्भ्याला आणतो. इंजेक्टर धुऊन, कंपनीचं सीलबंद डीईएफ भरून बघू. सेन्सर गेलाच असेल तर तो बदलेन. टाकीही बदला म्हणालात, तर मात्र गाडी विकून पेट्रोल घेईन. ५६० किमी उरलेत.