मदत हवी आहे: १९७२ च्या शेवरोले सी-१० ट्रकमध्ये एलएम७ इंजिन उतरवताना चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) आणि एसी कॉम्प्रेसर अडतोय

घिसाडी_७२
ट्रक टेक्ससमध्ये आहे. टू-व्हील ड्राइव्ह, डावं स्टिअरिंग. मूळचं ३५० इंजिन काढलं, त्या जागी २००४ च्या सिल्वेराडोचं ५.३ लिटर एलएम७ आणि ४एल६०ई गिअरबॉक्स. जुन्याच फाउंडेशनवर (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) अडॅप्टर प्लेट लावून इंजिन टेकवून पाहिलं. दोन अडचणी:

चेंबर क्रॉसमेंबरच्या (चासीच्या दोन रेल जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) खाली जवळपास २ इंच लोंबतं. पुढून ट्रक ४ इंच खाली घ्यायचाय, म्हणजे पहिल्याच स्पीडब्रेकरला निकाल. दुसरं, उजवीकडे खाली असलेला कॉम्प्रेसर चासीच्या रेलवर आदळतो.

विचार असा आहे की फाउंडेशनखाली १ इंचाचे ठोकळे घालावेत आणि रेलला ग्राइंडरने खाच मारावी. चालेल का?

तेलपाणी
ठोकळे नकोत. इंजिन फक्त पुढून उचललंत तर गिअरबॉक्सची शेपटी खाली जाते, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि हायवेला थरथर सुरू होते. गिअरबॉक्सही सोबत उचललात तर तो फ्लोअरला भिडणार. शिवाय २ इंचांपैकी एकच सुटतोय!

चेंबरच बदला. १९९८ ते २००२ च्या कॅमारोचं किंवा हमर एच३ च्या व्ही८ चं चालतं, इंजिन बदलण्यासाठी (स्वॅपसाठी) मुद्दाम बनवलेलीही मिळतात. विकत घेण्याआधी पुढच्या उथळ भागाचं आणि मागच्या खोल भागाचं माप क्रॉसमेंबरशी ताडून बघा. नुसतं चेंबर घेऊन भागत नाही. त्याच सेटमधला पिकअप पाइप (चेंबरमधून पंपाकडे तेल ओढणारा), विंडेज ट्रे (क्रँक आणि तेल यांच्यामधला पत्रा) आणि ऑइल गेजही (तेलाची पातळी बघायची डिपस्टिक) लागते.

खरी गडबड पिकअपमध्ये होते. त्याच्या तोंडावर मुलांची खेळायची माती लावा, गॅस्केटसकट चेंबर चढवा, काढा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. ६ ते ९ मिमी हवी. कमी असेल तर पंपाला तेल ओढता येत नाही, फार जास्त असेल तर वळणावर हवा ओढतो. पंपाकडच्या ओ-रिंगची जाडी पाइपच्या प्रकारानुसार बदलते. चुकीची बसली की थंड इंजिनला प्रेशर ठीक दिसतं आणि गरम झालं की काटा खाली.

चेंबरची मागची कड ब्लॉकच्या मागच्या तोंडाशी सपाट हवी, कारण गिअरबॉक्सचे बोल्ट चेंबरलाही लागतात. आधी पट्टी लावून बघा, मगच आवळा. मोठे बोल्ट २५ न्यूटन-मीटर, मागच्या कव्हरमध्ये जाणारे दोन बारीक फक्त १२. पुढचं-मागचं कव्हर ब्लॉकला भेटतं त्या चारही कोपऱ्यांत सिलिकॉनचा ठिपका विसरू नका.

पाना_१३
कॉम्प्रेसरबद्दल. खाच मारणारे आहेत, पण पुढचं वजन वाहणारी रेल नुसती कापून सोडायची नसते, आतून प्लेट घालून पेटी बंद करावी लागते. त्यापेक्षा कॉम्प्रेसर उजवीकडे वर नेणारा ब्रॅकेट लावा. आधी हीटरची पेटी आणि बॉनेट, दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचा साचा फिरवून बघा.

तुमचा क्रँकचा पुली कुठला आहे? एलएसमध्ये (एलएम७ ज्या इंजिन-कुटुंबातलं आहे त्यात) बेल्ट पुढे-मागे बसण्याची तीन मापं येतात: कॉर्व्हेटचा बेल्ट सर्वांत आत, कॅमारोचा त्याच्यापेक्षा पाऊण इंच बाहेर, ट्रकचा कॉर्व्हेटपेक्षा दीड इंच बाहेर. ब्रॅकेट ट्रकचा आणि पुली कॅमारोचा अशी खिचडी केलीत तर बेल्ट रोज उडेल.

घिसाडी_७२
पुली, वॉटर पंप सगळं ट्रकचंच आहे. मग ट्रकच्या मापाचा ब्रॅकेट घेतो. इंजिन १ इंच मागे नेणाऱ्या प्लेटही मिळतात, त्या घेऊ का? रेडिएटरच्या फॅनला जागा होईल.

तेलपाणी
फॅनसाठी इंजिन हलवू नका, इलेक्ट्रिक फॅन लावा. मागे नेलंत की फायरवॉल जवळ येते, आणि या इंजिनाचा ऑइल प्रेशर सेन्सर इनटेकच्या (इंजिनावरच्या हवा आत नेणाऱ्या भागाच्या) मागेच, अगदी कोपऱ्यात आहे. तिथे सॉकेट धरलेला हात शिरला पाहिजे, नाहीतर एवढ्याशा सेन्सरसाठी इनटेक खोलायची वेळ. ट्रकचा उंच इनटेक मात्र सी-१० च्या बॉनेटखाली सहसा बसतो, त्याची काळजी नको.

पाना_१३
एक भर. उभ्या गाडीत मोजलेला गॅप खोटा असतो. रेस दिली की इंजिन पिळतं आणि डावी बाजू वर उचलली जाते. तिथेच ब्रेक बूस्टर, तिथेच स्टिअरिंगचा शाफ्ट आणि एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड. पहारीने डावी बाजू वर रेटून मग मोजा. रेटल्यावरही १२ मिमी उरले पाहिजेत, मॅनिफोल्ड आणि स्टिअरिंगच्या जॉइंटमध्ये २० असतील तर बरं. फाउंडेशनचे रबर जुने असतील तर ते आधी बदला, मग हे माप घ्या.

घिसाडी_७२
रबर मूळचेच आहेत, तडे गेलेत. आधी ते.