स्वयंसेवक आणि संस्था जोडणारी संकेतस्थळं: नोंदणी कुठे करावी?

शाईदौत
दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी काम करणारी आमची लहान संस्था आहे. दोन प्रकारची माणसं हवीत. घरी बसून पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रण करणारे आणखी ८ वाचक (सध्या ६ आहेत), आणि परीक्षा केंद्रावर येऊन विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारे १२ लेखनिक. परीक्षा १० आठवड्यांवर आहे. खर्चाची तरतूद शून्य. कार्यालयात मी एकटी, या कामाला आठवड्याचे फार तर ३ तास निघतील. स्वयंसेवकांची संस्थांशी गाठ घालून देणारी संकेतस्थळं बरीच दिसतात, त्यांपैकी कुठलं निवडू? सॉफ्टवेअर विकत घ्या असं कृपया कोणी सांगू नका.

खटपट्या
वार्षिक वर्गणीवाली स्वयंसेवक व्यवस्थापन प्रणाली घ्या. नोंदणी, पाळ्या, आठवणीचे संदेश, तासांचा हिशेब, प्रमाणपत्रं, सगळं एकाच जागी. आम्ही तीन वर्षं वापरतोय, डोक्याला ताप नाही.

अर्धविराम
खर्च शून्य, असं लिहिलंय हो वर.

खटपट्या
वाचलं. त्यासाठी देणगीदार शोधा. फुकटातलं शेवटी महागच पडतं.

जुनाजाणता
आयडियलिस्ट १९९५ पासून आहे, व्हॉलंटिअरमॅच १९९८ पासून. २०२५ मध्ये दोन्ही एकत्र आले, त्यामुळे जुन्या लेखांमधला 'दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी करा' हा सल्ला सोडून द्या. संयुक्त राष्ट्रांची ऑनलाइन स्वयंसेवा २००० पासून चालू आहे. भाषांतर, लेखन, मांडणी, संशोधन अशा दुरून होणाऱ्या कामांना ती बरी. लेखनिकांसाठी मात्र यातलं काही कामाचं नाही, तिथे परीक्षा केंद्रापर्यंत पोहोचणारा माणूस लागतो.
कुठेही जा, संस्थेची पडताळणी होते आणि तिच्यात दिवस जातात. नोंदणीचा दाखला, पदाधिकाऱ्यांची यादी आणि संस्थेच्या नावाचा ईमेल पत्ता तयार ठेवून अर्ज आजच टाका. मजकूर नंतर सुधारता येतो.

रिकामा_तास
कुठलं संकेतस्थळ हा प्रश्न दुय्यम आहे. 'स्वयंसेवक हवेत, समाजासाठी काही करा' अशा जाहिरातीला हौशी गर्दी येते आणि आठवड्यात पांगते. शीर्षकातच काम, वेळ आणि मुदत सांगा: 'घरून पुस्तक वाचन व ध्वनिमुद्रण, आठवड्याला २ तास, ३ महिने'. पहिल्या चार ओळींत काय लागेल (शांत खोली, हेडफोनचा माइक, चांगला उच्चार) आणि काय मिळणार नाही, दोन्ही लिहा. 'मानधन नाही, प्रमाणपत्र ४० तासांनंतर' एवढी एक ओळ टाकली की नुसत्या प्रमाणपत्रासाठी येणारे आपोआप गळतात.
वाचक आणि लेखनिक यांच्या जाहिराती वेगळ्या ठेवा. एकत्र टाकल्या तर घरून काम शोधणाऱ्यांना तुम्ही परीक्षा केंद्रावर बोलावत बसाल.

द्वारपाल
+१. जाहिरात महत्त्वाची.
अर्जाबद्दल: गूगल फॉर्ममध्ये फाइल जोडायचा प्रश्न टाकला की भरणाऱ्याला गूगल खात्यात शिरावं लागतं, आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात. आवाजाचा नमुना अर्जात मागू नका, उत्तराच्या ईमेलमध्ये मागा. अर्जात पाचच प्रश्न: नाव, संपर्क, कुठलं काम, मोकळे वार आणि वेळा, लेखनिक असेल तर सध्याचं शिक्षण. जन्मतारीख, पूर्ण पत्ता, ओळखपत्राचा फोटो यांची या टप्प्यावर गरज नाही. गोळा केलं की सांभाळण्याची जबाबदारीही तुमचीच.

खटपट्या
आमच्या प्रणालीत हे सगळं तयारच मिळतं.

मठ्ठमांजर
वाचनासाठी लिब्रिवॉक्सवरच (वाचून ध्वनिमुद्रित केलेली पुस्तकं मोफत देणारं संकेतस्थळ) का नाही जात? २००५ पासून सगळं स्वयंसेवकांवर चाललंय.

अर्धविराम
कारण तिथे फक्त स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं वाचतात. पाठ्यपुस्तकं त्यात बसत नाहीत.

मठ्ठमांजर
मग ही संस्था तरी पाठ्यपुस्तकं कशी वाचणार? हक्कभंगच ना तो?

जुनाजाणता
नाही. मराकेश करार (२०१३, अमलात २०१६) नेमका यासाठीच आहे. करारात सामील देशांमध्ये अधिकृत संस्था प्रकाशकाची परवानगी न घेता दृष्टिहीन वाचकांसाठी प्रती करू शकतात. मुख्य अट अशी की प्रत त्याच वाचकांपर्यंत जावी. म्हणून ध्वनिमुद्रणं उघड्या दुव्यावर ठेवू नका आणि वाचकालाही 'माझ्या चॅनेलवर टाकू का?' याचं उत्तर आधीच देऊन ठेवा. हा प्रश्न हमखास येतो.

मठ्ठमांजर
बरं. तरी लिब्रिवॉक्सचे निकष उचलायला हरकत नाही: एमपी३, १२८ केबीपीएस, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो. आणि सगळ्यांना आधी मिनिटभराचं चाचणी ध्वनिमुद्रण.

अर्धविराम
हे चांगलं सुचवलंत. भर घालतो: नमुन्याच्या सुरुवातीला ५ सेकंद गप्प राहायला सांगा. पंखा, फ्रिज, रस्ता, सगळं त्या पाच सेकंदांत ऐकू येतं आणि बाकीचा नमुना ऐकायचा वेळ वाचतो. नमुन्यासाठी सगळ्यांना एकच उतारा द्या, त्यात एखादी आकृती, एक तक्ता आणि दोन परकी नावं असू द्या. आवाज गोड असणारे पुष्कळ मिळतात. तक्ता आडवा वाचायचा की उभा, हे विचारणारा वाचक तुम्हाला हवा.
ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, तेच सगळ्यांना सांगा. फाइलींची नावं पहिल्या दिवसापासून ठरवा, उदा. पुस्तक-०३-प्रकरण-०७. नाहीतर 'नवीन रेकॉर्डिंग १२' नावाच्या तीस फाइली येतील.

द्वारपाल
लेखनिकांबद्दल कोणीच नीट बोललं नाही. काही परीक्षांच्या नियमांत लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं. तुमच्या परीक्षेला तसा नियम असेल तर पदवीधर नोकरदारांची शंभर नावं मिळूनही उपयोग शून्य. आधी परीक्षेचा नियम वाचा, मग जाहिरात लिहा.
१२ हवेत तर १८ तयार ठेवा. परीक्षेच्या सकाळी तापानं पडणारे, बस चुकणारे असतातच. आठवण तीनदा: आठवडाभर आधी, आदल्या दिवशी आणि त्या दिवशी निघायच्या वेळी. आदल्या दिवशीच्या संदेशाला 'येतो' असं उत्तर आलंच पाहिजे. दुपारपर्यंत आलं नाही तर राखीव माणसाला फोन. जोडी ठरली की दोघांचा ३० मिनिटांचा सराव घ्या. सांगण्याचा आणि लिहिण्याचा वेग तिथेच जुळतो.

खटपट्या
तीन आठवणी १८ जणांना हातानं पाठवणार? शुभेच्छा.

मठ्ठमांजर
व्हॉट्सॅपचा गट करा की.

द्वारपाल
साध्या गटात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. अनोळखी माणसांत ते नको. ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला वेगळा जातो. तीही ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच पोहोचते, म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये नंबर साठवून ठेवायला सांगा.

रिकामा_तास
खटपट्यांचा टोला रास्त आहे, उपाय मात्र वेगळा. हिशेब मांडा. ४० नावं आली आणि प्रत्येकामागे उत्तर, नमुना, दहा मिनिटांचा फोन धरून अर्धा तास गेला, तर झाले २० तास. तुमच्याकडे आहेत ३. पहिलं उत्तर दोन दिवसांत गेलं नाही तर माणूस दुसऱ्या संस्थेकडे वळलेला असतो. तेव्हा एका वेळी एकच जाहिरात, आणि १० नावं आली की ती बंद करा. आधी लेखनिक. वाचक परीक्षेनंतर.

जुनाजाणता
सहमत. आणि काही झालं तरी समन्वयाचं काम नवख्या स्वयंसेवकाकडे देऊ नका. विद्यार्थ्यांची माहिती त्याच्या हातात जाते. माणूस मध्येच सोडून गेला की यादीही जाते.

अर्धविराम
+१. समन्वय घरच्याच माणसाकडे हवा.

शाईदौत
सगळ्यांचे आभार. परीक्षेचा नियम पाहिला: द्वारपाल म्हणाले तसाच आहे, पदवीधर चालत नाहीत. म्हणजे लेखनिकांची जाहिरात संकेतस्थळांवर टाकणारच नाही. शाळा-महाविद्यालयांना थेट पत्र लिहीन.
संकेतस्थळावर पहिली जाहिरात एकाच जागेसाठी टाकतेय: 'घरून समन्वय, आठवड्याला ५ तास, १० आठवडे'. जुनाजाणता आणि अर्धविराम यांचा विरोध समजतो. त्या व्यक्तीला फक्त वाचक-लेखनिकांची यादी दिसेल, विद्यार्थ्यांची नाही, आणि यादी संस्थेच्या खात्यातच राहील. पण २० तासांचं काम ३ तासांत बसवण्याची दुसरी वाट मला दिसत नाही.

जुनाजाणता
जोड्या लावायला विद्यार्थ्यांची नावं लागतीलच. तेव्हा काय करणार?

शाईदौत
नावांऐवजी क्रमांक. विषय, केंद्र, तारीख आणि क्रमांक. नाव मी फोनवर सांगेन.

खटपट्या
आमच्या प्रणालीत ही सोयही आहे.