टेरोसॉरचा जीवाश्म विकायला आलाय, खरा कसा ओळखायचा?

कृष्णाकाठ (सांगली): तळहाताएवढी पिवळसर फरशी, त्यावर टेरोसॉरच्या, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या उडणाऱ्या सरीसृपाच्या, पंखाची हाडं. विक्रेता म्हणतो, जुरासिक काळातला आहे, कराडजवळच्या खाणीत सापडला. घ्यावा का?

अजिंक्यतारा: कराडचा तर नाहीच. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे लाव्हा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. जुरासिक संपला १४.५ कोटी वर्षांपूर्वी. इथल्या खाणीत मिळतात ते झिओलाइट या खनिजाचे स्फटिक, आणि तेही देखणे असतात! पिवळसर चुनखडी बहुधा एकतर जर्मनीतल्या सोल्नहोफेनची, नाहीतर सिमेंटवरचं रंगकाम.

भिंगवाला: अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च मारा. सोल्नहोफेनची हाडं बहुतेकदा दगडापेक्षा वेगळी चमकतात. लांबी (पुट्टी), गोंद, रंग यांची चमक त्याहून निराळी, त्यामुळे जोड लगेच उघडा पडतो. मग एका कडेला ॲसिटोनचा बोळा फिरवा. रंग उतरला तर समजून जा. हाडावर मात्र लावू नका, जुना गोंद विरघळून खरं हाडही सुटतं. शेवटी चौथं बोट बघा: पंख त्याच्यावरच ताणलेला असतो, चार लांबलचक पेरं सांध्याला सांधा लागून हवीत. मापं जुळत नसतील तर दोन-तीन प्राण्यांची जुळवाजुळव.

कृष्णाकाठ: आणि कागदपत्रं?

अजिंक्यतारा: मूळ खाण, थर, निर्यातीचे कागद, तिन्ही मागा. ब्राझीलचा निघाला तर हातच लावू नका, तिथे १९४२ पासून जीवाश्म सरकारी मालमत्ता आहेत. आणि खरंच दुर्मीळ वाटला तर आधी भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर २०१७ मध्ये अडीच मीटरहून मोठ्या पंखविस्ताराचा जुरासिक टेरोसॉर सापडला, तो संग्रहालयात गेला म्हणून २०२२ मध्ये त्याला नाव मिळालं. खाजगी कपाटातल्या नमुन्यावर नवी प्रजाती सहसा कुणी मान्य करत नाही.